फियाटला झालर

अंथुर्ण्यात आषाढ म्हणजे पालखी. तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसरला येते, पुढं बेलवाडीला गोल रिंगण होतं आणि मग ती अंथुर्ण्यात मुक्कामाला थांबते. दुसऱ्या दिवशी निमगाव केतकी. त्या एका रात्री गावातली ओसरी, गोठा, शेड, काही म्हणून रिकामं राहत नाही. माझ्या आतेभावाच्या घरामागं जे पत्र्याचं मोठं शेड आहे, तिथं गेली कित्येक वर्षं एकच दिंडी उतरते. म्हणून मार्गशीर्षात दादानं, म्हणजे त्या आतेभावानं, घरातल्या तात्यांची फियाट त्या शेडात ढकलली आणि तिची मडगार्डं रुंद करायचं काढलं, तेव्हा वहिनीनं एकच अट घातली. "आषाढाच्या आत शेड मोकळं पायजे. माळकरी माणसं तुमच्या रंगाच्या वासात झोपायची न्हाईत."

"सात महिने हायेत," दादा म्हणाला.

चार मडगार्डांना सात महिने म्हणजे फार झाले, असं मलाही वाटलं होतं.

गाडी १९७४ची. त्याच वर्षी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’चं नाव बदलून ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. पण गावाकडं तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, ती फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढं कॉइल स्प्रिंगा, मागं पाटे, ताकद मागच्या चाकांना. रुंदी साधारण १.४६ मीटर, म्हणजे आजच्या कुठल्याही छोट्या गाडीपेक्षा सडसडीत. टायर ५.२०-१४, जेमतेम सव्वापाच इंची. तात्यांनी ती वालचंदनगरच्या एका निवृत्त साहेबांकडून घेतली होती.

त्या योगायोगाची मला फार गंमत वाटते. अंथुर्ण्याजवळच्या जंक्शनवरून आत वळलं की वालचंदनगर. वालचंद हिराचंदांनी इथल्या माळावर ऊस लावला, १९३०च्या दशकात साखर कारखाना काढला. तोच माणूस १९३९-४० साली अमेरिकेत मोटारवाल्यांचे उंबरे झिजवत होता. क्रायस्लरशी बोलणं जमलं, पण युद्धकाळच्या इंग्रज सरकारनं साथ दिली नाही. मधल्या काळात त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना आणि विशाखापट्टणमला जहाजाची गोदी उभी करायला घेतली. मोटार मात्र राहिलीच होती. १९४४मध्ये कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली, आधी अमेरिकी बनावटीच्या गाड्या जोडल्या आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या फियाटशी सोयरीक झाली. १९५३ साली वालचंद गेले. दादाच्या शेडातली गाडी त्यांनी पाहिलेली नाही, पण तिचं कूळ या मातीतलं आहे एवढं म्हणायला हरकत नाही.

आता ही काही स्पोर्ट्‌स कार नव्हे. मुंबईत ती टॅक्सी म्हणून जन्मभर राबली. तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेखच लिहिले. पण आपल्याकडं जेव्हा बाहेरच्या गाड्या आणणं जवळपास अशक्य होतं, तेव्हा रॅलीत आणि शर्यतीत पळायचं ते याच फियाटनं. दादाच्या डोक्यात मात्र वेगळीच फियाट होती. त्याच्या मोबाइलवर फियाट १३१ अबार्थचा फोटो होता: १९७६ची चौकोनी, साधीसुधी दोन दरवाजांची गाडी, पण चारही चाकांवर फायबरच्या अशा रुंद कमानी की पैलवानानं दंड फुगवून उभं राहावं. तिनं १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीनदा जागतिक रॅलीतली कंपन्यांची अजिंक्यपदं नेली. "फियाटच हाय की तीबी," दादाचं म्हणणं.

या कमानी मुळात शोभेसाठी आल्या नाहीत. शर्यतीच्या गाडीला रुंद टायर लावला की तो मडगार्डाबाहेर डोकावतो, खडे आणि चिखल फेकतो. म्हणून तो झाकायचा. आणि शर्यतीत जे लावायचं, ते ठरावीक संख्येनं बनवून गिऱ्हाइकालाही विकलं पाहिजे, असा नियम असायचा. त्यामुळं शर्यतीतलं शरीर रस्त्यावर आलं. पोर्शेनं १९७३च्या कॅरेरा आरएसमध्ये मागचा पत्राच फुगवला. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूनं २००२ टर्बोला वरून बसवलेल्या कमानी दिल्या, आणि डॅटसननं त्याआधी १९७१च्या २४० झेडजीला सरळ रिबेट मारून लावल्या, रिबेट उघडे दिसतील असे. पत्रा फुगवायचा की वरून लावायचं, हे दोन रस्ते तेव्हापासूनचे. अंथुर्ण्यातही शेवटी याच दोन रस्त्यांपाशी सगळं अडून बसलं.

डेंटिंगचं काम बघायला जंक्शनचे मिस्त्री आले. साठीचे, बोटं हातोडीसारखीच चपटी झालेली. हंगामात ते उसाच्या ट्रॉल्यांची आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डांची कामं करतात. पण शिकले ते फियाट आणि अँबॅसिडरवर, जेव्हा मडगार्ड बदलत नसत, ठोकून सरळ करत. त्यांनी मागच्या कमानीखाली हात घातला, डोळे मिटले आणि आतला काठ चाचपला.

"कापाया दोन मिन्टं लागत्यात दादा. जोडाया दोन म्हैने."

मग त्यांनी खडूनं जमिनीवरच आकृती काढून दाखवलं. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचा डबा हाच तिचा सांगाडा. मागच्या चाकावरचा पत्रा एकेरी नसतो. बाहेरचा दिसतो तो, आणि आत चाकाचं घर करणारा दुसरा. दोघांचे काठ कमानीशी एकमेकांना डागलेले. रुंद टायरसाठी कमान वर कापली, की हा जोड सुटतो. मग आतल्या पत्र्याला चिरा पाडून त्याच्या पाकळ्या बाहेर वळवायच्या, बाहेरच्या पत्र्याला टेकवायच्या आणि पुन्हा जोडायच्या. तेही सलग वेल्डिंगनं नाही. पत्रा एक मिलिमीटरहून पातळ. सलग ओढलं की तापून लाटा उठतात. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मध्ये ओलं फडकं, असं सावकाश. जोडायचा कंटाळा केला तर दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत चिखल-पाणी बसतं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर येतो. वरून झालर किती का देखणी असेना.

"झालर" हा शब्द मिस्त्रींचा. आम्ही फ्लेअर म्हणत होतो. त्या दिवसापासून शेडात सगळ्यांनी झालरच म्हटलं.

मिस्त्रींनी आधी चाकं ठरवायला लावली, तेव्हा दादा हिरमुसला. त्याला झालर आधी हवी होती. पण हौशी माणसाची हमखास चूक हीच असते: झालर विकत आणतो किंवा बनवतो आणि मग तिच्यात मावेल असं चाक शोधत फिरतो. झालर ही सगळ्यांत शेवटची गोष्ट. आधी टायर, मग रिमची रुंदी, मग रिमची बैठक, म्हणजे ते रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसतं. हे चाक बाहेर काढण्याचं प्रकरण फुकट नसतं. जितकं बाहेर, तितकी बेअरिंगवर तरफ मोठी. आणि पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत वळवताना खांद्याला तितकी रग.

रुंद टायरनं जमीन जास्त धरली जाते, हा समज मलाही होता. हिशेब केला तर तसं नाही. गाडी नऊशे किलोच्या आसपास. एका चाकावर सव्वादोनशे. हवा समजा दर चौरस सेंटिमीटरला १.८ किलो. म्हणजे जमिनीला टेकणारा भाग सव्वाशे चौरस सेंटिमीटर, टायर अरुंद असो की रुंद. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंदाचा आडवा. आडवा ठसा वळणावर बरा, हे खरं. पण १०८९ सीसीच्या फियाटला तो किती उपयोगी, हे मी दादाला विचारलं नाही. लग्नातल्या फेट्याचा उपयोग काय, असं कुणी विचारत नाही.

दादाला २०५चा टायर हवा होता. त्यासाठी कापाकापी अटळ होती. मिस्त्री १८५वर अडून बसले. मूळ टायर मिलिमीटरमध्ये १३२ भरतो. १८५मधून ते वजा केले की त्रेपन्न जास्त. चाकाचा मध्य तिथंच ठेवला तर बाहेर सव्वीस-सत्तावीस. मिस्त्रींच्या भाषेत दोन बोटांहून थोडं कमी.

मग मोजणी. पुढच्या कॉइल स्प्रिंगा काढल्या, मागचे पाटे सोडवले, आणि जॅकनं एकेक चाक पार वर, जिथं जाऊन ते ठेपतं तिथपर्यंत चढवलं. गाडी उभी असताना दिसणारी जागा खोटी असते. खरी जागा खड्ड्यात चाक वर गेल्यावर उरते ती. पुढचं चाक त्याच अवस्थेत डावीकडं पार, उजवीकडं पार वळवून पाहिलं. मागं आतल्या काठाला टायर घासत होता. तो काठ आत मुडपला तर भागण्यासारखं होतं. काठ मुडपायची जुनी युक्ती म्हणजे टायर आणि काठाच्या मध्ये गोल लाकूड अडकवायचं आणि गाडी हळूहळू पुढं-मागं ढकलायची. रंग तडकू नये म्हणून काठ आधी गरम हवेनं शेकायचा. गोल लाकूड म्हणून दादानं घरातलं मुसळ आणलं. ते परत करताना काय झालं, ते मी इथं लिहीत नाही.

कापायचं नाही हे ठरलं ते मुसळामुळं नव्हे, कागदामुळं. बारामतीचा आरटीओ म्हणजे एमएच-४२; तिथं दर पाच वर्षांनी या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करायला जावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं बनवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट करून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मला स्वतःला यात सरसकटपणा फार वाटतो. इतर देशांत बदललेली गाडी तपासून मान्य करायची सोय असते. आपल्याकडं नळकांडी बदलून गल्ली हादरवणारा आणि मोजून-मापून काम करणारा एकाच दोरीनं बांधले जातात. पण कायदा आहे तो आहे.

दुसरा कागद दादाला जास्त लागला. जुलै २०२१पासून देशात विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आहेत: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी, मूळ रूपात जपलेली, चासीत, बॉडीच्या सांगाड्यात किंवा इंजिनात फेरफार न केलेली. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, नूतनीकरणाचं पाच हजार. तात्यांची गाडी १९७४ची. तिनं पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. म्हणजे ज्या हिवाळ्यात ती विंटेज म्हणवून घ्यायला पात्र झाली, त्याच हिवाळ्यात दादा तिचा पत्रा कापायला निघाला होता.

तो दोन दिवस शेडात गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन केला. "मामा, कापायचं न्हाई. वरनं लावू. काढता आली पायजे."

आणि रस्त्यावर न्यायची तर जुनीच चाकं, झालर उतरवून. रुंद चाकं फक्त आपल्या रानात. हे त्यानं स्वतःच ठरवलं.

वरून लावायची झालर फायबरची. फायबरचं काम आपल्या भागाला नवीन नाही. लग्नाच्या स्टेजचे खांब, देखाव्यातले हत्ती, पाण्याच्या टाक्या सगळं त्यातच होतं. तरी आम्ही पहिल्याच पावलाला आपटलो. चूक माझी. आकार घडवायला हलकं काहीतरी हवं म्हणून मी थर्माकोल सुचवला. दादानं दोन रात्री जागून मागच्या चाकावर थर्माकोलची सुरेख कमान कोरली, मी वरून रेझिन फासलं, आणि चहा पिऊन येईपर्यंत ती कमान खरवसासारखी खाली बसली होती. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोलला विरघळवतं. हे फायबरवाल्यांच्या शाळेतल्या पहिलीच्या पोराला ठाऊक असतं.

मग गावातलाच पीओपीचं छत करणारा पोरगा बोलावला. गाडीच्या पत्र्यावर चिकटपट्टीचा थर, त्यावर प्लास्टर. त्याचा हात सफाईदार होता, पण त्याला सरळ रेषेची सवय. कमानीला मिस्त्रींनी पुठ्ठ्याचा नमुना कापून दिला. डाव्या बाजूचा नमुना उलटा केला की उजवीकडं बसायला हवा. बसेना. दादा म्हणाला नमुना चुकला; पोरगा म्हणाला प्लास्टर फुगलं. मिस्त्रींनी गवंड्याचा ओळंबा मागवला, छतापासून दोन्हीकडं सोडला, बंपरपासून सूत धरलं आणि निकाल दिला: गाडीच दोन्हीकडं सारखी नाही. उजवी कमान डावीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर पुढं. कारखान्यातलं हातकाम, मधल्या पन्नास वर्षांतल्या ठोकरा, काय असेल ते. आता कमान पत्र्याला प्रामाणिक ठेवायची की डोळ्याला? मिस्त्री डोळ्याच्या बाजूचे. "मान्सू गाडीच्या दोनी बाजूला एकदम हुबा ऱ्हातो व्हय?" तरी मागून पाहणारा दोन्ही झालरी एकदम पाहतोच, म्हणून मागच्या रुंदीत फरक ठेवला नाही, पुढं-मागं जो होता तो राहू दिला.

प्लास्टर वाळवून घासलं, लॅकरनं बंद केलं, मेण चोळलं, त्यावरून साचा काढला. साच्यात आधी जेलकोट; तो बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतका आला की काचेच्या तंतूंच्या मॅटचे थर. मॅटच्या वजनाच्या दोन-सव्वादोनपट रेझिन. रुळानं हवेचे बुडबुडे दाबून काढायचे, नाहीतर उन्हात तिथंच फोड येतो. रेझिनला दोन गोष्टी लागतात, कोबाल्ट आणि हार्डनर. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं आणि मगच हार्डनर, तेही शेकडा एक-दीड. ही दोन एकमेकांना थेट कधी भेटवायची नाहीत, भडका उडतो. दादानं दोन्ही बाटल्या शेडाच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या, भांडलेल्या भावकीसारख्या.

हे सगळं येईपर्यंत वैशाख लागला. इंदापूर तालुक्यातला वैशाख. दुपारी मगात कालवलेलं रेझिन ब्रश बुडवायच्या आत जेलीसारखं झालं, मग धूर सोडू लागलं, आणि मग मगासकट दगड. तेव्हापासून काम पहाटे. साडेचारला दिवा लावायचा, साडेसातला आवरायचं. हार्डनर कमी करूनही त्यापुढं जमत नव्हतं. काचेच्या तंतूंची खाज आठवडाभर जात नाही. वहिनीनं दादाचे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायला साफ नकार दिला.

एक उजवीकडची झालर पहिल्या खेपेला टाकून द्यावी लागली. तिच्या काठावर मॅट नीट भिजली नव्हती. सुकल्यावर नखानं पापुद्रे निघायला लागले. बाकी तीन चांगल्या आल्या. चौथी पुन्हा केली, ती सगळ्यांत उत्तम.

बसवणं दीड दिवसाचं. भोकं दिसत्या पत्र्याला नाहीत; आत मुडपलेल्या काठाला, खालून, पाच एमएमची. प्रत्येक भोकाच्या कडेला गंजरोधक प्रायमर आधी, बोल्ट नंतर. झालर आणि पत्रा यांच्यामध्ये काळं रबरी बीडिंग, म्हणजे कंपनानं रंग घासणार नाही आणि फटीत पाणी थांबणार नाही. दादाला झालरी गाडीच्या रंगाच्या हव्या होत्या. मिस्त्रींनी काळ्या ठेवल्या. पन्नास वर्षं उन्हात उभ्या असलेल्या रंगाशी नवा रंग जुळत नाही, आणि न जुळलेला रंग लांबूनही कळतो. काळं काही लपवत नाही, असं ते म्हणाले. लांबी, म्हणजे पुटी, जवळजवळ भरलीच नाही. घासकाम मात्र पाण्याच्या कागदानं तीन हात.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी गाडी रानात काढली. खोडव्याच्या दोन तुकड्यांमधली वाट, मध्ये पाण्याचा पाट आडवा. मी शेजारी बसलो. स्टिअरिंग जड झालं होतं, हे दादाच्या दंडावरून दिसत होतं. पाटातून गाडी उतरली आणि वळणावर डावं पुढचं चाक "खर्र" करून ओरडलं. उतरून पाहिलं: शेडात जॅकवर मोजलं तेव्हा झालर नव्हती, आता तिचा आतला काठ टायरला लागत होता. मिस्त्री बांधावर उभे होते. त्यांनी दोन बोटं वर केली, मग एक मिटलं. तेवढंच.

परत आलो तर दरवाजावर चिखलाचा ठिपका नाही. दादा ते पाहत बराच वेळ उकिडवा बसून होता. डाव्या झालरीचा आतला काठ दुसऱ्या दिवशी तीन मिलिमीटर घासला.

पालखीला तेव्हा नऊ दिवस उरले होते. शेडातून प्लास्टरचे साचे, रेझिनचे डबे, मॅटचे तुकडे सगळं बाहेर गेलं. शेणानं जमीन सारवली. गाडीला जुनी अरुंद चाकं परत चढली आणि ती अंगणात आली. पालखी मार्गाचं चौपदरीकरण २०२१च्या नोव्हेंबरमध्ये भूमिपूजन होऊन सुरू झालं. अंथुर्ण्याजवळ रस्ता इतका रुंद झालाय की त्यावरून येणारी फियाट खेळण्यातली वाटते. झालरी ठेवायला जागा नव्हती. दादानं दोन खांबांना तार बांधली आणि चौघी ओळीनं अडकवल्या, कमानी वर, पोट खाली.

दिंडी संध्याकाळी उतरली. दिवसभर भुरभुर होती. हरिपाठ झाला, पिठलं-भाकरी झाली, वहिनीनं खोल श्वास घेऊन वास येतो का पाहिलं, आला नाही. रात्री मी कंदील घेऊन शेडात डोकावलो, तर साठएक माणसं पाय पोटाशी घेऊन झोपलेली, आणि चारही झालरींवर ओली धोतरं पसरलेली. कमानीला अगदी बेताची बसत होती. पहाटे काकड्याला उठून वारकऱ्यांनी ती नेसली तेव्हा एकाचा सोगा बीडिंगमध्ये अडकला. दादा आठ नंबरचा पाना घेऊन धावला.